लहान मुलांची बुद्धि आणि बापाचा वांटा

दसरा आटोपून दिवाळी जवळ आली कीं बीड जिल्ह्यांतील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी, परळी ह्या तालुक्यांतील गांवें रिकामीं होऊं लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. म्हणून पोरेंबाळें, भांडींकुंडीं, कोंबड्या, शेळी असा सारा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत घालून माणसें कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ह्या बाजूस, अगर पार कर्नाटकांत बेळगांवाकडे, ऊस तोडावयास जातात आणि पाडव्याच्या आगेंमागें परततात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यांतील जमीन हलकी, पाऊस बेभरंवशाचा, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तर ही वाट पुष्कळ घराण्यांत पिढीजात झाली. हें सर्व वाचकांस ठाऊकच आहे. मजुरीचा दर किंवा उचलीचा जुलूम ह्यांविषयीं आज आम्हांस लिहावयाचें नाहीं. तो विषय मोठा आहे व त्यास स्वतंत्र जागा पाहिजे. येथें एकच प्रश्न हातीं घ्यावयाचा आहे. त्या ट्रॉलींत आईच्या मांडीवर बसलेलें जें दोन-तीन वर्षांचें मूल असतें, त्याच्या बुद्धीच्या वाढीशीं त्याच्या बापाचा काय संबंध आहे?

पुष्कळ जण म्हणतील, मिळवून आणणें हें बापाचें काम, आणि पोर सांभाळणें हें आईचें. बुद्धीचें म्हणाल तर ती उपजतच असते. असली तर असली, नसली तर कोणी काय करावें? ह्या दोन्ही समजुती आमच्या खेड्यांत इतक्या खोल रुजल्या आहेत कीं त्यांविषयीं कोणी विचारीतहि नाहीं. परंतु त्या दोन्ही खऱ्या नाहींत, आणि त्यांमुळें आमच्या मुलांचें मोठें नुकसान होत आहे.

प्रथम बुद्धि उपजत असते ह्या समजुतीकडे पाहूं. मूल जन्मतें तेव्हां त्याच्या मेंदूचें वजन मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारें चौथ्या हिश्शाइतकें असतें. तें दोन वर्षांचें होतें तोंच हें वजन सुमारें तीन चतुर्थांशावर जातें, आणि सहाव्या वर्षीं नव्वद टक्क्यांच्या घरांत पोंचतें. अंगाची वाढ पुढें बारा-पंधरा वर्षें चालूं असते. मेंदूची बहुतेक वाढ मात्र शाळेंत नांव घालण्यापूर्वींच उरकते. आणि ही वाढ नुसती वजनाची नव्हे. मेंदूंतील पेशी एकमेकींस बारीक धाग्यांनीं जोडल्या जातात. जे धागे वापरांत येतात ते बळकट होतात, जे वापरांत येत नाहींत ते झिजून जातात. माळरानांतली पाऊलवाट जशी चालणाऱ्याच्या पायांनीं पडते व कोणी चालेनासा झाला कीं गवतांत बुजते, तसेंच हें आहे.

ह्या वाटा कशानें पडतात? पोटभर व चांगलें अन्न, लोह, झोंप, आजारापासून बचाव हीं तर हवींतच. पण ह्यांखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती बाजारांत मिळत नाहीं. मूल एखादा आवाज करितें, बोट दाखवितें, तोंडाकडे टक लावून पाहतें. ही त्याची हाक असते. मोठें माणूस त्याच्याकडे पाहतें, हंसतें, त्या वस्तूचें नांव सांगतें. ही त्या हाकेस ओ झाली. अशी हाक व ओ दिवसांतून शेंकडों वेळां झाली म्हणजे मूल बोलावयास, लक्ष देण्यास, आठवणीनें धरून ठेवण्यास शिकतें. हाकेस ओ मिळेनाशी झाली म्हणजे तें हळूहळू हाक घालणें सोडून देतें. असें मूल रडत नाहीं, त्रास देत नाहीं, आणि लोक म्हणतात कीं पोर फार गुणी आहे!

आतां बापाकडे वळूं. कित्येक वर्षें पंडितांनींहि मुलाच्या वाढीचा अभ्यास करितांना आईचाच विचार केला. बाप हिशेबांतच नसे. गेल्या पन्नास वर्षांत ही चूक सुधारत आली आहे. लंडन व ऑक्सफर्ड येथील विद्वानांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेला एक शोध येथें सांगण्याजोगा आहे. त्यांनीं १२८ बाप आपल्या तीन महिन्यांच्या तान्ह्या मुलांशीं कसे खेळतात हें पाहिलें. हातीं खेळणें कांहींच नाहीं. चटईवर मूल आणि समोर बाप, इतकेंच. पुढें तीं मुलें दोन वर्षांचीं झाल्यावर त्यांच्या समजशक्तीची परीक्षा घेतली. ज्यांचे बाप तिसऱ्या महिन्यांतच मन लावून, आनंदानें खेळले होते, तीं मुलें परीक्षेंत पुढें आढळलीं. ज्यांचे बाप गप्प, दूर दूर राहणारे होते, तीं मागें राहिलेलीं दिसलीं. घरची मिळकत व बापाचें वय हिशेबांत घेऊनहि हा फरक उरलाच. आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्यानें विशेष ध्यानांत ठेवावी: मुलगा असो वा मुलगी, बापाच्या खेळण्याचा लाभ दोघांसहि सारखाच झाला.

दुसरा शोध अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना प्रांतांतला, २००६ सालचा आहे. ज्या घरांत आई व बाप दोघेंहि कामावर जात, अशा घरांतील दोन वर्षांच्या मुलांशीं आईबाप कोणते शब्द बोलतात ते मोजले. ज्या मुलांचे बाप नाना प्रकारचे शब्द वापरीत, त्यांची भाषा तिसऱ्या वर्षीं अधिक पुढें गेलेली आढळली. ह्याचें कारण शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. आई रात्रंदिवस मुलाजवळ असते. मुलाला काय येतें व काय येत नाहीं हें तिला ठाऊक असतें, म्हणून ती त्याच्या तोंडचेच शब्द वापरिते. बापाला तें तितकें ठाऊक नसतें, तो बाहेरचे, कामाचे, अनोळखी शब्द बोलून जातो, मूल "काय?" म्हणून विचारतें, आणि शब्दांत भर पडते. आईचें बोलणें मुळाशीं आहेच, त्यावांचून कांहीं उभें राहत नाहीं. बापाचें बोलणें त्याजागीं येत नाहीं, त्यावर चढतें.

हे शोध परदेशांतले, खाऊनपिऊन सुखी घरांतले, अशी शंका कोणी काढील. ती रास्त आहे. परंतु ही उणीव साऱ्या जगांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युनिसेफ ह्या बालक-संस्थेनें २०१७ सालीं ७४ देशांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत असें दिसलें कीं तीन-चार वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा ५५ मुलांचे, म्हणजे सुमारें चार कोटि मुलांचे, बाप त्यांच्याशीं खेळत नाहींत व त्यांस कांहीं शिकवीतहि नाहींत. आणि गरिबी ही अडचण खरी असली तरी ती अभेद्य भिंत नव्हे. जमेका बेटांत किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत १९८६ च्या सुमारास १२९ खुरटलेल्या मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकीं कांहींच्या घरीं आरोग्यसेविका दोन वर्षें दर आठवड्यास तासभर जाई व घरच्याच टाकाऊ वस्तूंचीं खेळणीं करून मुलाशीं कसें खेळावें व बोलावें हें आईला दाखवी. वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई, तशीं भेट न मिळालेल्या सोबत्यांपेक्षां सुमारें पाव हिश्शानें अधिक भरली. तेथें शिकणारी आई होती, बाप नव्हे. पण खेळणें आणि बोलणें ह्यांस पैसा लागत नाहीं, एवढें तरी त्यावरून स्पष्ट होतें.

आतां आमच्या जिल्ह्याची गोष्ट. पोटासाठीं परगांवीं जाणें पुष्कळ जिल्ह्यांत आहे. पण तेथें बहुधा बाप एकटा मुंबईस वा सुरतेस जातो आणि मूल त्यास वर्षांतून दोनदां पाहतें. बीडच्या ऊसतोड्याचें तसें नाहीं. येथें नवरा-बायकोच्या जोडीला मिळूनच एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता. जोडी असल्यावांचून मुकादम पुरी उचल देत नाहीं, म्हणून बायको बरोबर जाते, आणि दूधपितें मूल आईबरोबर जातें. मोठ्या मुलांसाठीं गांवीं हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत, सरकारनेंहि वसतिगृहें काढलीं आहेत. पण तीं शाळेच्या वयाच्या मुलांचीं. ज्या वयांत मेंदू झपाट्यानें वाढतो त्याच वयाचें मूल फडावर येतें. म्हणजे पांच-सहा महिने बाप आणि त्याचें लहान मूल एकाच पाचटाच्या कोपींत, एकाच गोधडीवर राहतात. मुंबईच्या कचेरींतल्या बाबूलाहि इतका सहवास मिळत नाहीं. आमच्या बापांत आणि मुलांत अंतर कोसांचें नाहीं, लक्षाचें आहे.

दिवस कसा जातो तो पाहा. पहांटे तीन-चारला दोघेंहि उठतात. अंधारांत फडावर जातात. मूल बांधावर झोळींत, नाहीं तर आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. बाप तोडतो, आई मोळ्या बांधते, दोघेंहि डोक्यावरून वाहतात. दिवसाकाठीं दीड-दोन टन ऊस निघतो. एखादा दिवस चुकला तर खाडा. संध्याकाळीं दोघेंहि सारखींच थकून कोपीवर येतात. ह्यानंतर मात्र सारखेपणा संपतो. आई पाणी आणते, चूल पेटविते, भाकरी थापते, भांडीं घांसते, धुणें धुते. बाप हातपाय धुऊन बसतो. हातीं मोबाईल असतो, कधीं बाटली असते. मूल दिवसभर साठविलेली हाक घेऊन आईमागें भुणभुण करितें, आणि धुरानें डोळे चुरचुरणारी ती थकलेली बाई त्याला म्हणते, गप्प बैस. आम्ही तिला दोष देत नाहीं. पण तेथेंच दोन हातांवर एक माणूस बसलेलें आहे, ज्याला त्या घटकेस दुसरें काम नाहीं.

हेंच मूल सहाव्या वर्षीं पहिलींत जातें. गुरुजी विचारतात, त्याच्याजवळ शब्द थोडे. मोठ्या माणसाशीं बोलण्याची संवय नाहीं. चित्र पाहून काय दिसतें हें सांगावें असें त्याला कोणी कधीं सुचविलेलें नाहीं. तें मान खालीं घालून उभें राहतें. मग दिवाळीनंतर शाळाच सुटते. पुढच्या वर्षीं तें आणखी मागें. मास्तर म्हणतात मंद, बाप म्हणतो डोकें नाहीं, आणि चौदाव्या वर्षीं त्याच्या हातीं कोयता येतो. तें मंद नव्हतें. त्याच्या हाकेस ओ आली नव्हती.

बापानें काय करावें हें विचाराल तर उत्तर फार साधें आहे, इतकें कीं पुष्कळांस त्यांत कांहीं अर्थच वाटणार नाहीं. संध्याकाळीं भाकरी होईपर्यंतची अर्धी घटका मूल मांडीवर घ्यावें व त्याच्याशीं बोलावें. मूल तान्हें असेल, त्याला काय कळतें, असें म्हणूं नये. तिसऱ्या महिन्यापासून तें बापाचा आवाज ओळखून उत्तर देतें. त्यानें आवाज काढला कीं आपणहि काढावा, आणि थांबून त्याची वाट पाहावी. तें बोलूं लागलें म्हणजे फडावर जें जें दिसतें त्याचें नांव सांगावें: कोयता, मोळी, पाचट, वाढे, बैलाचें शिंग, जूं, चाक, कारखान्याची चिमणी, तिचा धूर. मोळ्या बांधावर टाकितांना मोठ्यानें मोजाव्या. मूल ऐकून ऐकून दहापर्यंत मोजूं लागेल. ही मोळी लांब, ती आंखूड. हा बैल पुढें, तो मागें. काल पौर्णिमा होती, आज चंद्र उशीरा उगवेल. शाळेंत गणित म्हणून पुढें जें शिकवितात त्याची मुळें हींच होत. काट्यावर गाडीचें वजन कसें केलें, गव्हाणींत ऊस कसा पडतो, कोणत्या गांवची माणसें भेटलीं, हें बापानें परत आल्यावर सांगावें. मात्र लहान मुलाला गाडीबरोबर कारखान्याच्या आवारांत नेऊं नये, व कोयता त्याच्या हाताशीं टाकूं नये. दरवर्षीं तेथें अपघात होतात.

आमच्या बापांचें मुलांशीं बोलणें बहुधा हुकुमाचें असतें. ऊठ, बैस, पाणी आण, रडूं नको, जा आईकडे. हुकुमाला मूल हाताने उत्तर देतें, तोंडानें नव्हे. त्याऐवजीं विचारावें: हें कशाचें पान? शेळी का ओरडते? बैल आतां काय करील? उत्तर चुकलें तर हंसूं नये, रागावूं नये. मुलानें प्रश्न विचारला तर एक तरी उत्तर द्यावें. दिवसांतून शंभर प्रश्न विचारणारें मूल त्रासदायक खरें, पण चिंता करावी ती न विचारणाऱ्या मुलाची.

खेळण्यांविषयींहि दोन शब्द. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी करणें आमच्या जिल्ह्यांत कोणत्या बापाला येत नाहीं? पोळ्याला मातीचे बैल कोण करीत नाहीं? मग ती कला वर्षांतून एक दिवसच कां? बाप चिपाड सोलतो, मूल पाहतें. बाप चाक बसवितो, मूल तें काढतें व पुन्हां बसवूं पाहतें. त्या धडपडींत त्याच्या बोटांची, डोळ्यांची आणि विचाराची जी शाळा होते ती मोबाईलवरच्या नाचत्या चित्रांनीं होत नाहीं. चित्राला हाक घातली तर तें ओ देत नाहीं. मूल रडलें कीं मोबाईल हातीं देण्याची नवी चाल कोप्यांवरहि पोंचली आहे, आणि ती आम्हांस बाटलीच्या खालोखाल वाटते.

वाचतां न येणाऱ्या बापानें खजील होण्याचें कारण नाहीं. चित्रांचें पुस्तक उलटें न धरतां धरलें म्हणजे झालें. पुढची गोष्ट ज्याची त्यानें रचावी. आपल्या आजाची, दुष्काळाची, लांडग्याची, नदीला आलेल्या पुराची गोष्ट सांगावयास अक्षर लागत नाहीं. मात्र जो बाप पिऊन येतो, ज्याच्या पावलाच्या आवाजानें मूल आईच्या पदराआड लपतें, त्यानें आधीं तेवढें सोडावें. भ्यालेलें मूल शिकत नाहीं. त्याचें सारें मन जीव वांचविण्यांत गुंतलेलें असतें. लहान वयांत सदोदित भीतींत राहिल्यानें मेंदूच्या वाढीसच बाध येतो, हें आतां वैद्यकशास्त्रानें चांगलें दाखविलें आहे. दोन चपराका मारल्यानें पोर वठणीवर येतें असें मानणारे पुष्कळ आहेत. पोर गप्प होतें, इतकेंच.

मुलींविषयीं वेगळें लिहिणें भाग आहे. २०११ च्या शिरगणतींत बीड जिल्ह्यांत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागें मुली अवघ्या ८०७ आढळल्या. महाराष्ट्रांत सर्वांत कमी. ज्या जिल्ह्यांत मुलीचें जन्मणेंच इतकें नकोसें, तेथें जन्मलेल्या मुलीशीं खेळावयास बाप बसेल ही आशा कोणी करावी? पोरगा खांद्यावर आणि पोरगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन मागून, हें दृश्य फडाच्या वाटेवर रोजचें आहे. आठ वर्षांची ती मुलगी भावाला सांभाळते, पण तिच्या हाकेस कोणी ओ दिली होती काय? वर सांगितलेल्या शोधांत मुलगा-मुलगी हा भेद निघाला नाहीं. तो आमच्या मनांत आहे.

बापाच्या मायेंतून केवढें काम उभें राहतें ह्याचें एक उदाहरण आमच्या शेजारच्या गुजराथेंत घडलें. गिजुभाई बधेका हे वकील होते. १९१३ सालीं त्यांस मुलगा झाला. त्यास कसें वाढवावें, कसें शिकवावें, ह्या विचारानें ते बालशिक्षणाचीं पुस्तकें वाचूं लागले, आणि वकिली मागें पडली. १९२० सालीं भावनगरास त्यांनीं बालमंदिर काढलें. पुढें त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ पासून ठाण्याकडे बोर्डी येथें, व नंतर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत, अनुताई वाघ ह्यांच्या सोबतीनें खेड्यांतल्या मुलांसाठीं बालवाड्या चालविल्या. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा त्यांच्या अंगणांत न्यावी, ही त्यांची कल्पना. १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून देशभर ज्या अंगणवाड्या सुरू झाल्या त्यांच्या नांवांतहि तें अंगण आहे. आज आपल्या गांवच्या अंगणवाडींत खिचडी खाऊन गाणें म्हणणाऱ्या मुलाच्या मागें, कित्येक पायऱ्यांपलीकडे, असा एक बाप उभा आहे.

गिजुभाई शिकलेले, पैसेवाले होते, असें कोणी म्हणेल. तर मग सुभेदार रामजी सकपाळ ह्यांकडे पाहावें. मुंबईस परळच्या चाळींत जागा इतकी अपुरी कीं झोंपावयास व अभ्यासास एकाच वेळीं ठिकाण नसे. ते मुलास लौकर निजवीत, आणि मध्यरात्रीं उलटल्यावर अभ्यासाला उठवीत. पुस्तकासाठीं पैसे नसले तर लेकींचे दागिने मागून आणून गहाण टाकीत. तो मुलगा म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. त्या वेळीं ते शाळकरी, मोठे झाले होते हें खरें. परंतु पुस्तकाची गोडी मुलाला कोठून लागली असेल हें विचारावयास नको.

ज्या घरीं बाप नाहीं, तेथील मुलांचें काय? बीड जिल्ह्यांत अशीं घरें थोडीं नाहींत. कर्जापायीं जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या विधवा गांवोगांव आहेत. त्या बायांनीं हें वाचून खचूं नये. मुलाला बाप म्हणून कोणी एक पाहिजे असें नव्हे, तर आईखेरीज आणखी एक मायेचें, बोलणारें माणूस पाहिजे. मामा, चुलता, आजा, शेजारचा म्हातारा, कोणीहि तें काम करूं शकतो. जीं मुलें आजी-आजोबांजवळ गांवीं राहतात त्यांच्या आजोबांस तर आम्ही विशेष विनवितों. आणि बापाचा फोन आला म्हणजे तो फक्त उचलीचा व बाजरीचा हिशेब विचारण्यापुरता नसावा. मुलाला कानाशीं घेऊन, आज काय पाहिलेंस, असें त्यानें विचारावें.

ज्या मंडळींतून माणसें उसावर जातात तेथील उपदेशक बंधूंनीं, ट्रॉल्या भरण्यापूर्वीं, एका संध्याकाळीं फक्त पुरुषांस बोलवावें. अशा गोष्टी सांगावयास आजवर बायकांनाच बोलाविण्याची चाल आहे, आणि मग त्या घरीं जाऊन सांगतात ते कोणी ऐकत नाहीं. व्याख्यान देऊं नये. चिपाडें व माती मध्यें ठेवावी, मुलें बापांच्या मांडीवर बसवावीं, आणि गाड्या करूं लागावें. बोलणें आपोआप निघेल. अंगणवाडीच्या ताईंस बोलवावें. मुलाचें लसीकरणाचें कार्ड बायकोच्या पेटींत न ठेवतां बापानें आपल्या खिशांत ठेवावें, आणि कोपी उभी राहिली कीं त्याच आठवड्यांत मुलास खांद्यावर घेऊन फडाजवळच्या गांवची अंगणवाडी गांठावी. परगांवच्या मुलासहि तेथें आहार व लस मागतां येते. जातांना वाटेवर किती विजेचे खांब लागले ते दोघांनीं मिळून मोजावे.